पाय हलवू नको

गोल्फ शिकवायला शांत माणूस लागतो, असं पुंडलिक मला ऐकवतो. पुंडलिक म्हणजे आमच्या कंपनीचा कॉलनी ऑफिसर, वय माझ्या पोरापेक्षा कमी. मी त्याला म्हटलं, "मग आण की शांत माणूस! अख्ख्या रोह्यात एक दाखव, ज्याला गोल्फची काठी कुठल्या टोकाला धरायची ते कळतं." तो गप्प बसला. मी बोलायला लागलो की लोक गप्प बसतात आणि मग हळूच उठून निघून जातात. हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

माझं नाव एलियास अष्टमकर. निडी स्टेशनच्या अलीकडे कंपनीची कॉलनी आहे, तिच्या भिंतीला लागून माझं घर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून आमच्या वाडवडलांना कोकणात ओळखायचे. आता पेणपासून रोह्यापर्यंत शोधलंत तर आमची दोन-चार घरं सापडतील, तीही म्हाताऱ्यांची. बाकी सगळे इस्राएलला गेले. माझा भाऊ गेला, बहिणी गेल्या, शेजारची मिरियम तिच्या लोणच्याच्या बरण्यांसकट गेली. माझा मुलगा इझिकेल तिकडे अश्दोदला असतो. बायको हन्ना मात्र इथेच आहे, नदीकाठच्या आमच्या कब्रस्तानात. तिला सोडून मी कुठे जाणार, असं आधी म्हणायचो. मग पोरगा म्हणाला, "बाबा, आई आता नाही, तुम्ही आहात." त्यावर काय बोलणार? म्हणून मी गोल्फचं कारण काढलं.

गोल्फ माझ्या नशिबी आला तो गवतामुळे. कंपनीचा पहिला बडा साहेब परप्रांतातला होता आणि त्याला ह्या खेळाचं वेड होतं. कॉलनीच्या मागच्या पडीक जागेत त्यानं माती ओतून, गवत लावून पाच खळगे खणले. गवत कापायचं मशीन सारखं बंद पडायचं आणि मी फिटर, म्हणून ते मशीन माझ्या गळ्यात पडलं. संध्याकाळी साहेब एकटाच खेळायचा. एक दिवस त्यानं माझ्या हातात काठी दिली. शिकवताना कधी आवाज म्हणून चढवला नाही. "बरोबर, बरोबर" एवढंच म्हणायचा, कारण तेवढंच मराठी त्याला येत होतं. मी दोन पावसाळे चेंडू सोडून नुसती माती उडवली, तरी त्याचं आपलं "बरोबर, बरोबर."

साहेब बदलून गेला. पुढचे साहेब पनवेलला राहून कंपनीच्या बसनं येऊ-जाऊ लागले, त्यांना खेळायला सवड कुठली? मी रिटायर झालो तेव्हा म्हटलं, रविवारी मैदान मला द्या, कॉलनीच्या पोरांना शिकवतो. शनिवार चालणार नाही, तो आमचा विसाव्याचा दिवस. कंपनीनं हो म्हटलं. जुन्या काठ्या माझ्याच घरात ठेवायला दिल्या.

आणि आली की पोरं! पहिल्या उन्हाळ्यात इतकी आली की काठ्या पुरेनात. पण मला साहेबासारखं "बरोबर" म्हणता येईना. मला मराठी येतं, हीच पंचाईत. एखाद्यानं मान वर केली की मी "अरे, आकाशात काय तुझा मामा बसलाय?" म्हणून ओरडणार. एखाद्यानं काठी सैल धरली की "ही काय जिलबी धरलीस?" एका पोराची आई तणतणत आली, म्हणाली, आमचा मुलगा झोपेत दचकतो. मी म्हटलं, दचकताना तरी मान खाली ठेवतो का? ती पोराला घेऊन गेली. बाकीची क्रिकेटला गेली, ट्यूशनला गेली, काही नुसतीच गेली. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला माझ्याकडे एकच उरली. तीही कॉलनीची नव्हे.

तिचं नाव रंभा. निडी गावातल्या हौसाबाईची नात. हौसाबाई रविवारी कॉलनीच्या बागेतलं तण काढायला यायची, तेव्हा ही पोर मागे मागे यायची. वय असेल आठ-नऊ. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, आणि कधी बघावं तर गुडघ्याला माती. कुंपणापाशी उभी राहून बघत राहायची. एकदा मीच वैतागून म्हटलं, "बघतेस काय गो? ये, मार."

आली. काठी धरली. आणि मग माझ्या कपाळी जे आलं ते सांगतो. रंभा चेंडूकडे नीट बघायची, मान खाली ठेवायची, काठीही बरी धरायची. पण काठी खाली आली रे आली की ही पोर एक पाऊल मागे! चेंडू आपला जागच्या जागी आणि काठी हवेत. दर वेळेला. न चुकता.

"पाय हलवू नको!"

"व्हय आजोबा."

आणि पुन्हा पाऊल मागे. मी तिच्या टाचांमागे विटा ठेवल्या. तिनं विटांवर पाय ठेवून पाऊल मागे घेतलं. मी घसा फोडला, डोकं धरलं, गवतावर बसलो. ती उभीच. रडली नाही की रुसली नाही. मी बोलून दमलो की म्हणायची, "आता परत मारू?"

काठ्या घ्यायला ती माझ्या घरी यायची. आमच्या दाराच्या चौकटीला मेझुझा असते, आत पवित्र वचनं ठेवलेली लहानशी नळी. येता-जाता तिला हात लावून बोटांचं चुंबन घ्यायची आमची रीत. रंभानं ते बघितलं आणि विचारलंच.

"देवाला पापी देता?"

"देवालाच, आणि माणसालाही," मी म्हटलं. मग नको होतं तरी सांगत बसलो. आमच्या मशिदीत, हो, आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे, प्रार्थना झाली की हातबोशी असते. वडीलधाऱ्यानं दोन्ही हात पुढे करायचे. समोरच्यानं ते आपल्या हातांत घ्यायचे, सोडायचे, आणि आपल्याच बोटांचं चुंबन घ्यायचं. मग त्यानं पुढच्याला हात द्यायचे. असं करत करत शेवटच्या लहान पोरापर्यंत जायचं.

"आणि तुमाला कोण देतं?"

"कोण नाय. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. इथे दहा नायत."

"मग तुमी कोणाला देता?"

"काठ्या उचल," मी म्हटलं. "बडबड पुरे."

ती गेल्यावर मी बराच वेळ दारात उभा होतो. हन्ना होती तोवर शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला, भिजवलेल्या मनुकांचं शरबत पिऊन झालं की आम्ही दोघं एकमेकांना हात द्यायचो. दोघंच असलो तरी द्यायचो. आता मी दिवा लावतो, शरबत करतो, प्रार्थना म्हणतो आणि पेला धुवून ठेवतो. त्या घरात माझाच आवाज मला नकोसा होतो. म्हणून की काय, बाहेर पडलो की ओरडतो.

रविवारी संध्याकाळी इझिकेलचा फोन यायचा. तब्येत, गोळ्या, पाऊस असं सगळं झालं की तो विचारायचा, "आणि क्लास? किती पोरं येतात?"

"पुष्कळ," मी म्हणायचो. "त्यांना सोडून कसा येऊ?"

मग तो विषय सोडायचा. एवढ्या एका पोरीवर माझं इथलं राहणं टांगलेलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं.

आषाढात पुंडलिक छत्री घेऊन मैदानावर आला. म्हणाला, "एलीकाका, गणपतीनंतर ही जागा ट्रक उभे करायला द्यायचं घाटतंय. क्लास चालू असेल तर मी वर शब्द टाकतो. पण दाखवायला काही तरी पाहिजे ना."

"ही काय आहे!" मी रंभाकडे बोट केलं. "रंभा, मार गो. साहेबाला दाखव."

रंभानं काठी उचलली. मी मनातल्या मनात एलियाहू हनाबीला, म्हणजे आमच्या एलिया पैगंबराला, मलिद्याचा नवस बोललो. गूळ घातलेले गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, सगळं करीन म्हटलं. काठी खाली आली, पाऊल मागे गेलं, चेंडू जागच्या जागी.

पुंडलिक हसला. वाईट नाही हसला, पण हसला. माझं डोकं सटकलं.

"पाय हलवू नको, पाय हलवू नको म्हणून माझी जीभ झिजली! काय डोंबल शिरतं का तुझ्या डोक्यात? खिळे ठोकू का पायांत? जमत नसेल तर येऊ नको! जा!"

रंभानं काठी गवतावर ठेवली. फेकली नाही, ठेवली. पाण्यात भिजू नये म्हणून तिच्यावर माझा टॉवेल टाकला. आणि कुंपणातून निघून गेली. पुंडलिकही "बघू मग" म्हणून गेला. मी तिथेच पावसात उभा राहिलो, कारण घरी जाऊन काय करणार होतो?

पुढच्या रविवारी ती आली नाही. हौसाबाईही तण काढायला आली नाही. मी काठ्या पुसून ओळीनं मांडल्या आणि दुपारपर्यंत बसलो. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा मांडल्या. कॉलनीची पोरं सायकलवरून जाताना मला बघून पेडल जोरात मारत होती. मी त्यांना हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारतानाही माझा आवाज ओरडल्यासारखाच येतो.

संध्याकाळी इझिकेलचा फोन आला. "किती पोरं आली?"

मला "पुष्कळ" म्हणता येईना. म्हटलं, "इझी, मी येतो. दिवाळीला येतो तिकडे."

तो पलीकडे रडायलाच लागला. सुनेला हाका मारल्या, नातवाला फोनवर बोलावलं. नातू हिब्रूत काही तरी बोलला, मला त्यातलं 'सबा' एवढंच कळलं, म्हणजे आजोबा. सगळे आनंदात होते. मी फोन ठेवला आणि हन्नाच्या खाटेवर जाऊन बसलो. खरं सांगतो, मला पोराचा राग आला. एवढ्या पटकन तो हो कसा म्हणाला!

सोमवारी सकाळी उठलो आणि छत्री घेऊन निडीला चालत गेलो. मनाशी म्हटलं, निरोप घ्यायचाय, दुसरं काही नाही. हौसाबाईच्या घराला कडी होती. शेजारणीनं हातानं दाखवत सांगितलं, सगळी शेतावर हायत, लावणी चाललीय.

बांधावरून घसरत, छत्री सावरत मी गेलो. शेतात गुडघाभर चिखल, पाठीवर प्लास्टिकची खोळ घेतलेल्या बाया ओळीनं वाकलेल्या, आणि त्यांच्यात शेवटाला एक बुटकी खोळ. रंभा. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातानं एकेक जुडगं चिखलात खोचत होती. मान खाली. नजर हातावर. एक ओळ खोचून झाली की एक पाऊल मागे. पुन्हा खोचायचं, पुन्हा पाऊल मागे. लावलेलं रोप तुडवायचं नाही, म्हणून लावणी करणारा माणूस मागे मागेच सरकतो. चालायला लागल्यापासून ही पोर हेच बघत, हेच करत आलेली. काम हातावेगळं झालं की पाय मागे.

मी बांधावर उभा राहून बघत राहिलो. अरे देवा! पोरगी चुकत नव्हती. तिच्या पायांना जे शिकवलं होतं तेच ते करत होते, आणि मी त्या पायांना शिव्या घालत होतो.

दुसरीही एक गोष्ट दिसली. रंभाची ओळ वाकडी जात होती. हौसाबाई तिच्या बाजूलाच लावत होती, तिला ते दिसत होतं. पण म्हातारी एका अक्षरानं बोलली नाही. फक्त स्वतःची ओळ रंभाच्या जवळून, सरळ नेत राहिली. थोड्या वेळानं रंभानं शेजारी बघितलं, आणि तिची ओळ आपोआप सरळ झाली.

"एलीभाव!" हौसाबाईनं मला बघितलं. "इथं कशापायी आलाव? काय झालं?"

"काय नाय. दिवाळीला मुलाकडे चाललोय, कायमचा. म्हटलं सांगून यावं."

रंभानं मान वर केली, मग परत खाली घातली.

"आता आलाव तर उतरा चिखलात," हौसाबाई म्हणाली. बाया खिदळल्या. "माणूस कमी हाय. का बूट खराब व्हतील?"

मला कुणी असं डिवचलं की मी मागे हटत नाही. बूट काढले, पॅन्ट वर केली, उतरलो. चिखलात पाय असा रुतला की काढता येईना. रोपांची एक मूठ माझ्या हातात कोंबली गेली. मी खोचलं, सरकलो, खोचलं, सरकलो. वर बघितलं तर माझी सगळी रोपं पाण्यावर तरंगत होती.

बायांची हसून हसून पुरेवाट झाली. माझे कान तापले. "ही रोपंच बेकार आहेत!" मी ओरडलो. "मुळंच नायत यांना!"

रंभा चिखल तुडवत माझ्याजवळ आली. हसत नव्हती. माझं तरंगणारं एक जुडगं तिनं उचललं, अंगठ्यानं मुळं दाबून खाली नेलं आणि सोडलं. मग दुसरं. मग तिसरं माझ्या हातात दिलं.

"बरं जमतंय, आजोबा," ती म्हणाली. "जरा खोल घाला. व्हईल."

तो बडा साहेब गेल्यापासून मला कुणी असं म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं! मी त्या चिखलात वाकलेला होतो म्हणून बरं, माझं तोंड कुणाला दिसलं नाही. म्हातारपणी डोळे उगाच भरून येतात असं लोक म्हणतात. माझे उगाच आले नव्हते. दहा वेळा चुकलेल्या माणसाला 'व्हईल' म्हणायला पैसे पडत नाहीत, आणि मी ते ह्या पोरीला एकदाही म्हटलं नव्हतं.

मी खोल घातलं. ते राहिलं.

"रविवारी का आली नाहीस?" मी हळूच विचारलं.

"तुमीच बोललाव, येऊ नको."

"मी बोलतो तसं. मनावर घ्यायचं नाय."

"मग कुठलं मनावर घ्यायचं आणि कुठलं नाय?"

मी आणखी एक जुडगं खोचलं. म्हटलं, "ह्या रविवारी ये. मी ओरडणार नाय."

"ओरडाल," रंभा म्हणाली.

"थोडंच ओरडीन."

तिला हसू आलं.

रविवारी ती आली. आजीबरोबर आली, आजी कुंपणाशी तण काढायला बसली. मी तोंडात लवंग धरली, जीभ कामात राहावी म्हणून. विटा काढून टाकल्या. मीही एक काठी घेतली आणि रंभाच्या शेजारी उभा राहिलो, शेजारची ओळ धरावी तसा. बोललो नाही. आपला माझा चेंडू मारत राहिलो.

ती चुकली. पाऊल मागे. पुन्हा चुकली. लवंग चावून चावून तोंड बधिर झालं. मग मी म्हटलं, "रंभा, पाय मागे घे तू. घ्यायचाच. पण रोप खोचल्याबिगर पाय उचलतेस का तू?"

"छे! रोप तरंगंल की."

"मग आधी चेंडू, मग पाय."

तिनं चेंडूकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. काठी वर गेली, खाली आली, टक्कन आवाज झाला, आणि मग पाऊल मागे. चेंडू फार नाही गेला. उड्या मारत पाण्याच्या डबक्यापर्यंत गेला आणि डबक्यात बसला. पण गेला!

"गेला!" रंभा ओरडली.

"गेला गो, गेला!" मी तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो. तोंडातली लवंग बाहेर पडली. हौसाबाई विळा घेऊन उठून उभी राहिली, तिला वाटलं साप निघाला.

त्यानंतर प्रत्येक फटक्याला नाही, पण दर रविवारी टक्कन आवाज व्हायचा. कधी पाचांत एकदा, कधी दहांत एकदा. गणपतीच्या आदल्या रविवारी पुंडलिक आला आणि ह्या वेळी न हसता बघत राहिला. रंभाचे दोन चेंडू गेले, बाकीचे राहिले. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, मी शब्द टाकला होता. पण एका मुलीसाठी एवढी जागा ठेवणार नाहीत. दसऱ्यानंतर खडी टाकायला लागतील." त्याला वाईट वाटत होतं, हे मला दिसलं. मी त्याच्यावर ओरडलो नाही. नवल आहे, पण ओरडावंसं वाटलंच नाही. तो गेला.

रंभानं सगळं ऐकलं होतं. काठी पुसत म्हणाली, "आमचं शेत हाय की. भात कापलं की मोकळंच असतं, पार उन्हाळ्यापर्यंत. चार खळगं खणू. आजी नाय म्हणायची नाय."

"खुंट असतात तिथे भाताचे," मी म्हटलं. "चेंडू सरळ जायचा नाय."

"नाय तर नाय. व्हईल हळूहळू." मग तिचा हात थांबला. "पण कापणी व्हईस्तो दिवाळी व्हऊन जाती. तवा तुमी कुठं असनार?"

मी काठी घ्यायला दोन्ही हात पुढे केले. रंभानं काठी गवतावर ठेवली, माझे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत धरले, सोडले, आणि स्वतःच्या बोटांचा चांगला मोठ्यानं मुका घेतला. आमच्यात असा आवाज करत नाहीत. मग ती धावत कुंपणापाशी गेली आणि आजीपुढे हात केले. "घे गो आजी. आजोबांनी दिलंय. तू पुढं कोणाला तरी दे."

"काय गो ह्ये?" हौसाबाई म्हणाली. पण तिनं मातीचे हात लुगड्याला पुसले, नातीचे हात धरले आणि आरती घेतात तसे आपल्या तोंडावरून फिरवले. दोघी तशाच हसत घरी निघाल्या. मी त्या वळणाआड जाईपर्यंत बघत होतो. हन्ना गेल्यापासून चार वर्षांत माझे हात कुणी धरले नव्हते. डॉक्टरनं नाडी बघायला धरला असेल तेवढाच.

घरी आलो. काठ्या कोपऱ्यात उभ्या केल्या. दिवेलागणीला इझिकेलचा फोन आला. तो आनंदात होता, म्हणाला, खोलीला रंग दिलाय, खिडकीतून समुद्र दिसतो, तिकीट उद्या काढतो.

"काढू नको," मी म्हटलं.

"बाबा?"

"दिवाळीनंतर शेत मोकळं होतंय. तिथे क्लास चालू करायचाय."

त्याच्या मागे नातवाचा आवाज येत होता. मला वाटलं, आता हा चिडेल, माझाच मुलगा आहे. पण तो आईवर गेलाय. हळूच म्हणाला, "बाबा, खरं सांगा. किती पोरं आहेत?"

"एक," मी म्हटलं. "आणि तिला अजून फटका नीट मारता येत नाय. वेळ लागेल."